पहिल्या मालकाच्या आधी

मागच्या दिवाळीत आमच्या घरात पहिली चारचाकी आली. शोरूममधल्या पोरांनी बॉनेटवर झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आईने औक्षण केलं, वर टाकलेलं लाल कापड आम्ही सगळ्यांनी मिळून ओढलं आणि फोटो काढले. रात्री शहापूरला घरी आल्यावर ते फोटो बघत बसलो होतो. एका फोटोत स्टिअरिंगच्या मागचा मीटर आला होता. आकडा होता ४३. गाडी अजून शोरूमच्या फरशीवरून हललीसुद्धा नव्हती तेव्हाचा फोटो.

दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, यार्डातून शोरूमला आणतात, थोडं टेस्टिंग असतं. नॉर्मल आहे." मला ते पटलं नाही. आठ वर्षांच्या पगारातून बाजूला काढलेले पैसे, त्यावर कर्ज, आणि आपल्याआधी कोणीतरी ४३ किलोमीटर फिरवून आणलेली गाडी! मी अंगणात फेऱ्या मारत बडबडत होतो. थोरले काका ओट्यावर बसले होते. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून बाबांनी जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं. काका हसायला लागले.

"त्रेचाळीस? अरे, मी सहाशे-सहाशे चालवून आणलेल्या गाड्या नव्या म्हणून गेल्यात. वर हार घालायचे त्यांना."

काका ड्रायव्हर होते हे मला माहीत होतं. पण ते नेमकं काय चालवायचे, हे मी तिशी गाठेपर्यंत कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. आणि मग वाचायला लागलो, कारण काकांच्या गोष्टीला मागेपुढे बराच इतिहास चिकटलेला निघाला.

माणूस थांबायचा, गाडी नाही

आपल्याकडे मोटार आधी खोक्यातून आली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना काढला. नावाला कारखाना, पण काम जोडणीचं: सुटे भाग बोटीने गोदीत उतरायचे आणि इथे त्यांची मोटार व्हायची. स्वातंत्र्याच्या सुमाराला महिंद्रांनी माझगावात विलिज जीप जोडायला घेतल्या, त्याही अशाच, सुट्या भागांतून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की नुसती जोडणी करणाऱ्यांनी इथे उत्पादन करावं, नाहीतर जावं. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा गाशा गुंडाळला.

मग आली टंचाईची तीस-पस्तीस वर्षं. १९५९ मध्ये मोटारींच्या आणि १९६० मध्ये स्कूटरच्या वाटपावर सरकारी नियंत्रणाचे आदेश निघाले. गाडी हवी तर नाव नोंदवायचं, अनामत भरायची आणि थांबायचं. बजाजच्या स्कूटरसाठी एका काळात दहा-दहा वर्षं थांबावं लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांचा वेगळा कोटा होता, म्हणून दुबईतला मेहुणा किंवा कुवेतमधला भाऊ असलेल्या घरात स्कूटर लवकर यायची. नंबर लागलेला माणूस पुष्कळदा गाडी स्वतः न वापरता वरचे पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचा. त्याला 'ऑन' म्हणत. कागदावरचा पहिला मालक गाडीवर एकदाही बसलेला नसायचा.

त्या काळात नवी गाडी यार्डात धूळ खात उभी राहण्याचा प्रश्नच नव्हता. कारखान्यातून निघाली की कोणीतरी तिची वाट बघतच असायचं. प्रश्न एवढाच होता, की कारखान्यातून तिथपर्यंत ती न्यायची कोणी आणि कशी.

चेसिसवाले

याचं उत्तर म्हणजे काका आणि त्यांच्यासारखे हजारो. गाडी चाकांवरच असते, तर मग तिला दुसऱ्या गाडीवर कशाला चढवायची? तिलाच चालवत न्यायची. धंद्यातला शब्द 'ड्राइव्ह-अवे'. लोक यांना चेसिसवाले म्हणायचे.

आज विशीत असलेल्यांनी हे दृश्य क्वचितच पाहिलं असेल, म्हणून सांगतो. त्या काळी कारखाना बहुतेक ट्रक अर्धेच बनवायचा. दोन लांब लोखंडी पट्ट्यांची चौकट, इंजिन, गिअर, चाकं आणि पुढे नुसता चेहरा: जाळी, दिवे आणि बॉनेट. केबिन नाही, काच नाही, छप्पर नाही, दार नाही. बॉडी मालक आपल्या सोयीने बांधून घ्यायचा, जालंधरला, नमक्कलला किंवा आपल्याच गावाजवळच्या सुतार-वेल्डरकडे. तोपर्यंत ड्रायव्हरला बसायला लाकडी खोकं किंवा चार फळ्या ठोकून केलेली बैठक. पायाखाली इंजिनची धग, समोरून थेट वारा.

जमशेदपूरला टाटांनी १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढायला सुरुवात केली. तिथून मुंबई साधारण सतराशे किलोमीटर. रस्ता रायपूर, नागपूर, अमरावती, धुळे आणि तिथून आग्रा रोडने नाशिक, कसारा, शहापूर. १९८० च्या दशकात इंदूरजवळच्या पिथमपूरला आयशरसारखे कारखाने आले. १९८१ मध्ये महिंद्रांचा नाशिकचा कारखाना सुरू झाला. या सगळ्यांचा मुंबईकडे येणारा माल आमच्या गावावरून उतरायचा. बाबा सांगतात, शाळेतून येताना हायवेला उभं राहिलं की चेसिसची रांग दिसायची. आठ-दहा चेसिस एकामागोमाग, आणि वर तोंडाला फडकं, डोळ्यांना गॉगल लावलेली, धुळीने एकाच रंगाची झालेली माणसं. आपला भाऊ कुठला, हे बाबांना पुढच्या टोपीवरून ओळखावं लागे.

काका १९८४ मध्ये या कामाला लागले, एका ठेकेदाराकडे. नाशिकपर्यंत एसटीने जायचं, तिथून मिळेल त्या गाडीने पिथमपूर, आणि येताना चेसिस. पाचशे-सहाशे किलोमीटर. पैसे फेरीवर मिळायचे, दिवसावर नाही. डिझेल मोजून मिळायचं. वाचलेलं डिझेल विकलं तर तीच वरकमाई. "मग उतार दिसला की न्यूट्रल," काका म्हणाले. "चोरीच म्हण. पण परतीचं भाडं त्यातूनच सुटायचं."

इथे थांबून गाडीचा विचार करू. त्या काळातल्या इंजिनला पहिले काही शे किलोमीटर जपावं लागे. पिस्टन, रिंगा, गिअरचे दाते एकमेकांशी घासून बसेपर्यंत वेग कमी ठेवायचा, इंजिन ताणायचं नाही. याला 'रनिंग-इन' म्हणतात. नवी मोटार घेतलेला हौशी माणूस मागच्या काचेवर तशी पाटी लावून ताशी चाळीसने जायचा. आणि चेसिसचं हे नाजूक वय काकांच्या हातात जायचं. त्यांना लवकर पोहोचायचं होतं, डिझेल वाचवायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुढची फेरी धरायची होती. मी विचारलं, इंजिनची काळजी घ्यायचा का? काका म्हणाले, "आमची कोण घ्यायचं?" आणि मग लगेच, "पण घ्यायचो. घाटात इंजिन गेलं तर आपणच गेलो."

घाटनदेवीचा नारळ

इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना घाटाच्या माथ्यावर घाटनदेवीचं देऊळ आहे. कसारा घाट, जुनं नाव थळ घाट, किती तीव्र आहे हे रेल्वेवरून कळतं. १८६५ मध्ये सुरू झालेल्या इथल्या रेल्वेमार्गाचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे, आणि वर जाणाऱ्या गाड्यांना आजही कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. रस्ताही त्याच डोंगरातून उतरतो. रिकाम्या चेसिसला मागे वजन नसतं. ब्रेक जोरात दाबला तर मागची चाकं उचलल्यासारखी होऊन घसरतात, आणि पावसाळ्यात तर फारच. समोर काच नसल्याने पाऊस सरळ डोळ्यांत. धुकं असेल तर पुढच्या चेसिसचा लाल दिवा हाच रस्ता.

म्हणून चेसिसवाले घाटनदेवीला थांबायचे. जमलं तर नारळ, नाहीतर नुसते हात जोडायचे. नारळाचं पाणी पुढच्या चाकावर ओतायचं. कुंकू असलं तर रेडिएटरच्या जाळीला बोट लावायचं. कारखान्यातून येणारी गाडी धुवून पोहोचवायची असल्यामुळे ते कुंकू पडघ्याच्या आसपास पुसून टाकायचे.

हे ऐकलं तेव्हा मला माझ्या गाडीवरचा झेंडूचा हार आठवला. आपण जिला पहिली पूजा म्हणतो, ती कित्येक गाड्यांची दुसरी पूजा असायची.

मीटरची केबल

ट्रक चालत आलाय हे गिऱ्हाइकाला माहीत असायचं, त्यामुळे मीटरवर सहाशे दिसले तरी कोणी बोलत नसे. छोट्या गाड्यांचं तसं नव्हतं. जुन्या मीटरला गिअरबॉक्सकडून एक केबल यायची. ती फिरली की काटा हलायचा आणि किलोमीटरचे आकडे पुढे सरकायचे. केबलची चकती हाताने सोडवली की गाडी कितीही चालवा, मीटर जागचा हलत नाही. काका पुढे काही वर्षं छोट्या गाड्याही पोहोचवत. त्यातल्या एका दलालाची सूचना ठरलेली असायची: निघताना केबल काढ, पोहोचण्याआधी लाव. गिऱ्हाइकाला मीटरवर दहा-बारा किलोमीटर दिसायचे.

ही युक्ती आपल्याच देशातली, असं समजू नका. १९८७ मध्ये अमेरिकेत क्रायस्लर या बड्या कंपनीवर खटला झाला. कंपनीचे अधिकारी कारखान्यातून निघालेल्या गाड्या मीटर बंद करून घरी नेत, काही दिवस चालवत, आणि त्याच गाड्या नव्या म्हणून विकल्या जात. जुलै १९८५ ते डिसेंबर १९८६ या दीड वर्षात अशा ६० हजारांहून जास्त गाड्या गेल्या होत्या. काही तर अपघात होऊन दुरुस्त केलेल्या. कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांना पत्रकार परिषद घेऊन जाहीर चूक मान्य करावी लागली.

त्यानंतरचं एक प्रकरण आणखी बोलकं आहे. १९९० मध्ये अलाबामा राज्यातले डॉक्टर आयरा गोर यांनी नवी बीएमडब्ल्यू घेतली. काही महिन्यांनी कळलं, की कारखान्यातून येताना रंग खराब झाल्यामुळे ती काही भागांत पुन्हा रंगवली होती. कंपनीचं धोरण असं होतं, की दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर ते कोणाला सांगायचं नाही, गाडी नवीच. ज्यूरीने प्रत्यक्ष नुकसान ४ हजार डॉलर धरलं आणि दंड ठोठावला ४० लाख डॉलर. राज्याच्या न्यायालयाने तो २० लाखांवर आणला. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला, आणि शेवटी दंड उरला ५० हजार. कायद्याचे विद्यार्थी हा खटला दंडाच्या मर्यादेसाठी वाचतात. मला त्यातला ३ टक्क्यांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. गाडी 'नवी' कुठपर्यंत राहते, ते कोणीतरी एका ऑफिसात बसून ठरवलं होतं.

नवेपण कागदावर

आपल्याकडेही ते कागदावरच ठरतं. नोंदणी झाल्याशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही. मग कारखान्यातून निघालेलं, मालक नसलेलं वाहन चालवायचं कसं? त्यासाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ट्रेड सर्टिफिकेट आहे, जे कारखानदार आणि डीलर यांना मिळतं. चाचणी, दुरुस्ती, गिऱ्हाइकाला दाखवणं, नोंदणीला नेणं अशा ठरावीक कामांसाठीच त्यावर गाडी चालवता येते. त्या पाटीवर लाल रंगावर पांढरी अक्षरं असतात. तात्पुरत्या नोंदणीच्या पाटीवर पिवळ्यावर लाल. नियम ४२ प्रमाणे डीलरने नोंदणीशिवाय, तात्पुरती का होईना, गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नये.

पूर्वी नोंदणीसाठी गाडी आरटीओसमोर उभी करावी लागे. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उठलेला ठसा फॉर्मला चिकटवायचा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची झाली. त्याच वर्षी कायदा बदलला: डीलरच नोंदणीचा अर्ज करतो, गाडी आरटीओला नेऊन दाखवायची गरज उरली नाही. सोय झाली, पण मालकाच्या आधी त्रयस्थ माणसाने गाडी बघण्याची एक पायरीही गेली.

नवेपण कागदावर असतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा मार्च २०१७ मध्ये मिळाला. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री आणि नोंदणी बंद. देशभर अशी आठ लाखांहून जास्त वाहनं न विकता पडून होती, बहुतेक दुचाकी. दोन दिवसांत हजारो रुपयांची सूट देऊन त्यांतली बरीच विकली गेली. तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरात ३० किंवा ३१ मार्चला घेतलेली स्कूटर असेलच. एकही किलोमीटर न चाललेली, प्लास्टिक न काढलेली गाडी ३१ मार्चच्या मध्यरात्री बाद झाली. आणि काकांनी सहाशे किलोमीटर ताणलेली चेसिस मात्र नवी होती.

आता गाडी थांबते

आज चित्र उलटं आहे. माणूस थांबत नाही, गाडी थांबते. शहापूरहून पडघा, भिवंडीकडे निघालात की गोदामांमध्ये अधूनमधून मोकळ्या जागा लागतात आणि तिथे पांढऱ्या-करड्या गाड्यांच्या रांगा उभ्या असतात. ऊन, आमचा चार महिन्यांचा पाऊस, चाकाशी वाढलेलं गवत, बॅटरी उतरणं, एकाच जागी उभं राहून टायर चेपणं, वायरी कुरतडणारे उंदीर, हे सगळं या गाड्यांच्या वाट्याला येतं. चेसिसला घाट सोसावा लागायचा, यांना मुक्काम सोसावा लागतो.

वाहतूकही बदलली. लांबलचक कंटेनरमधून गाड्या येतात. आसनगाव स्टेशनवर उभे असाल तर कधीतरी खिडक्या बंद केलेल्या डब्यांची मालगाडी जाताना दिसेल. जुने प्रवासी डबे रेल्वे असे बंद करून, टोकाला दारं बसवून, मोटारी वाहायला वापरते. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्याने घाटच टाळला. आता कंटेनर घाटनदेवीला न थांबता डोंगराच्या पोटातून निघून जातो. ट्रकचं म्हणाल, तर १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांची केबिन एसी असणं सक्तीचं झालं आहे. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी "बरं झालं" एवढंच म्हटलं आणि गॉगलने नाकावर पडलेल्या वळाला हात लावला.

तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा हार घालण्याआधी तीन गोष्टी बघा. मीटरचा फोटो काढा. चेसिस नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, ती वाचा. रंग, काचा, स्टेपनी दिवसाच्या उजेडात तपासा. जे दिसेल ते लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे. माझ्या ४३ किलोमीटरचा हिशेबही मी शेवटी लेखी मागितला. आला. यार्ड ते शोरूम, तारखेसह. गाडीत खोट नव्हती.

पण तो कागद हातात आल्यावर मला काकांचं दुसरं बोलणं आठवलं. १९९९ मध्ये पाठीच्या दुखण्याने फेऱ्या झेपेनात, तेव्हा ते एका कारखान्यात बसवर ड्रायव्हर म्हणून लागायला गेले. तिथे अनुभवाचा दाखला मागितला. ठेकेदाराने दिला नाही, कारण त्याच्या वहीत काका कधी नव्हतेच. पंधरा वर्षं, किती लाख किलोमीटर, कोणाला माहीत? ट्रक पुढे मालकाच्या नावावर गेले, त्यांच्या पुस्तकात पहिला मालक लिहिला गेला. छोट्या गाड्यांच्या तर मीटरमध्येही ते किलोमीटर नव्हते. "मीच केबल काढायचो ना," काका म्हणाले. "गाडीच्या बरोबर माझंही चाललेलं पुसलं गेलं."

नोकरी मिळाली नाही. मग त्यांनी शेती केली, आणि नंतर काही वर्षं आसनगाव-शहापूर दुसऱ्याची रिक्षा चालवली. स्वतःची गाडी त्यांनी कधीच घेतली नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांना घेऊन इगतपुरीला गेलो, मुद्दाम जुन्या घाटाने. लायसन्स केव्हाच संपलंय, म्हणून ते माझ्या शेजारी बसले होते. चढावर दर वळणाला त्यांचा डावा पाय आपोआप क्लच दाबत होता. घाटनदेवीला मी नारळ घेतला. काकांनी तो फोडला, पाणी पुढच्या चाकावर ओतलं आणि कुंकवाचं बोट जाळीला लावलं. परत येताना पडघ्याला कामासाठी थांबलो, तेव्हा त्यांनी सवयीने खिशातून फडकं काढलं. मी म्हटलं, "राहू द्या काका, ही आपलीच आहे."

ते कुंकू पहिल्या पावसापर्यंत राहिलं.